फॉर्म पाठवण्याचं काम ब्राउझरकडून काढून घेताना

फॉर्म भरून झाला, बटण दाबलं, पान क्षणभर पांढरं पडलं आणि मग नवं पान आलं: ‘आपली माहिती मिळाली’. वेबवरचे फॉर्म बरीच वर्षं असेच चालायचे. स्क्रिप्टची एकही ओळ न लिहिता ते आजही असेच चालतात. आता मात्र बहुतेक ठिकाणी पान पांढरं पडत नाही. बटणावर एक छोटं चक्र फिरतं, खाली हिरव्या अक्षरांत ‘जतन झालं’ असं येतं आणि आपण होतो तिथेच असतो. बघायला हा बदल लहान आहे. पण त्यासाठी माहिती पाठवण्याचं काम ब्राउझरच्या हातून काढून जावास्क्रिप्टच्या, म्हणजे आपण लिहिलेल्या कोडच्या हाती द्यावं लागतं. ब्राउझर ते काम करताना न सांगता आणखी किती गोष्टी सांभाळत होता, हे बहुतेकांना काम काढून घेतल्यावरच कळतं.

थोडंफार एचटीएमएल येतं, फॉर्म बनवूनही पाहिला आहे, पण स्क्रिप्टमधून तो सर्व्हरवरच्या प्रोग्रामला पाठवताना गोंधळ उडतो, अशा वाचकांसाठी मी हे लिहितो आहे. कोड मुद्दाम दिलेला नाही. दहा-पंधरा ओळींचा कोड कुठेही मिळतो. तो आपल्या पानावर आणून चिकटवला की का चालत नाही, हे समजायला आधी पडद्यामागे काय चालतं ते माहीत असावं लागतं.

स्क्रिप्ट नसताना काय होतं

फॉर्मच्या टॅगवर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. ‘ॲक्शन’ म्हणजे माहिती कोणत्या पत्त्यावर जायची आणि ‘मेथड’ म्हणजे ती कशी जायची. पत्ता दिला नाही तर माहिती त्याच पानाच्या पत्त्यावर जाते. मेथड दिली नाही तर ‘गेट’ धरली जाते. सबमिट झालं की ब्राउझर फॉर्ममधला एकेक रकाना बघतो आणि नाव व व्हॅल्यू अशा जोड्या गोळा करतो.

यातलं नाव म्हणजे रकान्यावर लिहिलेला ‘नेम’, ‘आयडी’ नव्हे. आयडी लेबल जोडायला, सजावटीला आणि स्क्रिप्टला उपयोगी पडतो. सर्व्हरला तो कधीच दिसत नाही. ‘मी सगळं बरोबर भरलं, तरी सर्व्हरला काहीच मिळत नाही’ अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी सगळ्यात आधी रकान्यांवर नेम आहे का ते बघतो, आणि बऱ्याच वेळा शोध तिथेच संपतो. नेम नसलेला रकाना ब्राउझर गुपचूप वगळतो, कसलीही एरर न देता.

वगळण्याचे आणखीही नियम आहेत. ‘डिसेबल्ड’ केलेला रकाना जात नाही. ‘रीडओन्ली’ केलेला मात्र जातो. खूण न केलेला चेकबॉक्स ‘नाही’ असं सांगत नाही, तो जातच नाही. त्यामुळे सर्व्हरवरच्या प्रोग्रामने ‘ही जोडी आलीच नाही, म्हणजे खूण केलेली नाही’ असं समजून घ्यायचं असतं. खूण केलेल्या चेकबॉक्सला व्हॅल्यू दिलेली नसेल तर ‘ऑन’ हा शब्द जातो. हे नियम विचित्र वाटतात, पण पुढे स्क्रिप्टमधून पाठवतानाही हेच लागू होतात, म्हणून ते लक्षात असलेले बरे.

जोड्या गोळा झाल्या की त्या एका लांब ओळीत गुंफल्या जातात. नाव आणि व्हॅल्यूच्या मध्ये बरोबरचं चिन्ह येतं, दोन जोड्यांच्या मध्ये अँपरसँड. मोकळ्या जागेचा अधिक होतो. इंग्रजी अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हं सोडली तर बाकी सगळ्याचं रूपांतर टक्केचिन्ह आणि दोन आकडी संकेतांत होतं. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये मांडण्याच्या पद्धतीत) तीन बाइटचं असतं आणि प्रत्येक बाइटला तीन अक्षरं लागतात. म्हणजे ‘मराठी’ या शब्दातली पाच चिन्हं (म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी) वाटेत पंचेचाळीस अक्षरांची होतात. पत्त्याच्या पट्टीत टक्केचिन्हांची रांग दिसली की काहीतरी बिघडलंय असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं. पलीकडचा प्रोग्राम ती रांग उलगडून पुन्हा ‘मराठी’ करतो.

फाइल पाठवायची असेल तर ही पद्धत पुरत नाही. १९९५ च्या नोव्हेंबरात आलेल्या आरएफसी १८६७ या दस्तऐवजाने त्यासाठी ‘मल्टिपार्ट’ पद्धत सुचवली. तीत प्रत्येक रकाना वेगळा तुकडा म्हणून जातो आणि तुकड्यांच्या मध्ये एक ठरावीक सीमारेषा असते. ही सीमारेषा कोणती, हे रिक्वेस्टच्या, म्हणजे ब्राउझरने सर्व्हरला पाठवलेल्या मागणीच्या, हेडरमध्ये (मूळ माहितीच्या आधी जाणाऱ्या सूचनांच्या ओळींत) आधीच सांगितलेलं असतं. ती पुढे पुन्हा आपल्या वाटेत येणार आहे.

पलीकडे बसलेला प्रोग्राम

सर्व्हरवर ही ओळ कोण वाचतं? १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेत सीजीआय नावाचा संकेत ठरला. वेब सर्व्हरने रिक्वेस्ट आली की एक स्वतंत्र प्रोग्राम चालू करायचा, माहिती त्याच्या हवाली करायची आणि तो जे छापेल ते ब्राउझरला परत पाठवायचं, एवढाच तो संकेत. ‘गेट’ने आलेली माहिती प्रोग्रामला एका एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सर्व्हरने आधीच भरून ठेवलेल्या एका ठरावीक नावाच्या जागेत, मिळायची. ‘पोस्ट’ने आलेली माहिती स्टँडर्ड इनपुटमधून, म्हणजे कीबोर्डवरून टाइप केल्यासारखी, वाचावी लागायची. किती बाइट वाचायचे तेही वेगळं सांगितलेलं असायचं. ती ओळ तोडून, टक्केचिन्हं उलगडून जोड्या वेगळ्या करणं प्रत्येकाला स्वतः करावं लागायचं. रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांसमोर ठेवलेल्या पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेच्या सुरुवातीच्या एका आवृत्तीचं नावच पीएचपी-एफआय होतं, आणि त्यातलं एफआय म्हणजे ‘फॉर्म इंटरप्रिटर’. फॉर्म वाचणं हीच तेव्हाची मुख्य डोकेदुखी होती.

आज पीएचपी असो, पायथन असो की नोड (सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट), कुठल्याही चौकटीत जोड्या आयत्या हातात येतात. पण मूळ व्यवहार तसाच राहिला आहे. ब्राउझर मजकूर पाठवतो, प्रोग्राम तो वाचतो आणि मजकूरच परत पाठवतो. प्रोग्रामला तुमचं पान दिसत नाही, बटण दिसत नाही, रकाना लाल झाला की हिरवा तेही दिसत नाही. समोर फॉर्म आहे की दुसरंच काही, हेही त्याला कळत नसतं. सुरक्षिततेचा जवळजवळ सगळा विचार इथूनच सुरू होतो.

गेट आणि पोस्टमधला फरक बरेच जण ‘गेट पत्त्यात दिसतं, पोस्ट दिसत नाही’ एवढ्यावरच सोडून देतात. खरा फरक हेतूचा आहे. गेट म्हणजे ‘दाखव’ आणि पोस्ट म्हणजे ‘काहीतरी कर’. ‘दाखव’ कितीही वेळा म्हटलं तरी पलीकडे काही बदलता कामा नये, म्हणून शोधाच्या फॉर्मला गेट शोभतं. त्याचा पत्ता कोणालाही पाठवता येतो. २००५ मध्ये गूगलने वेब ॲक्सलरेटर नावाचं साधन आणलं. पान वाचणारा पुढे कुठे जाईल याचा अंदाज घेऊन ते पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवायचं. ज्या ॲप्लिकेशनांमध्ये ‘काढून टाका’ ही साधी गेट लिंक होती, तिथे या साधनाने लोकांच्या नोंदी पुसून टाकल्या. साधनाने फक्त ‘दाखव’ म्हटलं होतं. प्रोग्रामने त्याचा अर्थ ‘कर’ असा घेतला. पासवर्ड गेटने पाठवू नये याचं कारण वेगळं आहे. पत्ता ब्राउझरच्या हिस्टरीत आणि सर्व्हरच्या नोंदवहीत राहतो. पण पोस्टने पाठवलं म्हणजे झाकलं, असंही नाही. वाटेतल्या लोकांपासून झाकण्याचं काम एचटीटीपीएसचं, म्हणजे माहिती सांकेतिक करून नेणाऱ्या जोडणीचं, आहे.

काम हातात घेणं

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट लिहिली आणि तिचा लगेच एक उपयोग सुरू झाला: फॉर्म पाठवण्याआधी चुका पकडणं. पाठवण्याचं काम मात्र ब्राउझरकडेच राहिलं. पान न बदलता सर्व्हरशी बोलण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये दिली. वेबवरून ईमेल बघण्याच्या त्यांच्या प्रोग्रामसाठी ती बनवली होती. नंतर एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट या अवजड नावाने ती सगळ्या ब्राउझरांनी उचलली. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे सुटसुटीत नाव दिलं आणि ती घरोघरी पोचली. आज त्या जागी ‘फेच’ वापरतात. २०१५ पासून ते ब्राउझरांमध्ये येऊ लागलं.

स्क्रिप्टचं काम तीन टप्प्यांत होतं: ब्राउझरला थांबवायचं, माहिती गोळा करायची, पाठवून उत्तराची वाट बघायची. प्रत्येक टप्प्यात खड्डे आहेत.

थांबवण्यासाठी फॉर्मचा ‘सबमिट’ इव्हेंट, म्हणजे फॉर्म पाठवला जातोय ही ब्राउझरची सूचना, पकडून त्यावर ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ (नेहमीचं काम करू नकोस) म्हणायचं. इव्हेंट फॉर्मचा पकडायचा, बटणाच्या क्लिकचा नव्हे. फॉर्म एंटर दाबूनही पाठवता येतो, आणि एखाद्याने बटणाशिवाय दुसऱ्या मार्गाने तो पाठवला तर क्लिकवर विसंबलेला कोड चुकू शकतो. शिवाय क्लिक पकडली की ‘हा रकाना भरलाच पाहिजे’ ही ब्राउझरची तपासणी होण्याआधीच आपला कोड धावतो. सबमिट इव्हेंट त्या तपासणीनंतर येतो. दुसरी गोष्ट, प्रिव्हेंट डिफॉल्ट अगदी पहिल्या ओळीत हवं. त्याआधी ‘अवेट’ करून कशाची वाट पाहिलीत तर ब्राउझर थांबत नाही. तो फॉर्म पाठवून मोकळा होतो आणि तुमची ओळ उशिरा पोचते. याचं लक्षण ओळखीचं आहे: बटण दाबलं की पान एकदम रीलोड होतं आणि कन्सोलमधले तुमचे संदेश डोळ्यांदेखत पुसले जातात. फॉर्ममधल्या बटणाला ‘टाइप’ दिला नाही तर ते सबमिटचंच बटण धरलं जातं, हेही पुष्कळांना माहीत नसतं. ‘आणखी एक ओळ जोडा’ असं साधं बटण दाबल्यावर अख्खा फॉर्म पाठवला जातो तो त्यामुळेच.

याच्या उलट, स्क्रिप्टमधून फॉर्म पाठवा असं ब्राउझरला सांगायचं असेल तर दोन मार्ग आहेत आणि ते सारखे नाहीत. फॉर्मचं ‘सबमिट’ हे फंक्शन बोलावलं तर ना तपासणी होते, ना सबमिट इव्हेंट येतो. माहिती थेट जाते. ‘रिक्वेस्टसबमिट’ बोलावलं तर बटण दाबल्यासारखं सगळं रीतसर होतं. आणि चुकून एखाद्या बटणाचं नेम ‘सबमिट’ ठेवलं असेल तर त्या नावाचं फंक्शन झाकलं जातं, आणि ‘हे फंक्शन नाही’ अशी एरर येते. कारण माहीत नसेल तर या एररवर माणूस तासन्‌तास बसतो.

माहिती गोळा करायला ‘फॉर्मडेटा’ आहे. त्याच्या हातात फॉर्म दिला की वर सांगितलेल्या नियमांनीच तो जोड्या जमवतो, फायलींसकट. रकाने एकेक वाचून हाताने ओळ जोडत बसणारे लोक मला अजून भेटतात. तसं करताना मजकुरात एखादं अँपरसँड आलं की सगळी ओळ फाटते. फक्त एवढं लक्षात ठेवायचं, की कोणतं बटण दाबलं गेलं हे फॉर्मडेटाला आपोआप कळत नाही. ‘जतन करा’ आणि ‘प्रकाशित करा’ अशी दोन बटणं असतील तर ते वेगळं सांगावं लागतं.

पाठवताना होणारी एक चूक इतकी सर्रास दिसते की तिच्यावर थोडं थांबतो. फॉर्मडेटा पाठवताना लोक ‘कंटेंट टाइप’ हेडर स्वतः लिहितात, कारण कुठल्यातरी उदाहरणात ते लिहिलेलं असतं. मल्टिपार्टमधली ती सीमारेषा आठवा. ती ब्राउझर ऐनवेळी ठरवतो आणि याच हेडरमध्ये लिहितो. तुम्ही हेडर स्वतः लिहिलंत तर सीमारेषा तिथे येतच नाही, आणि पलीकडच्या प्रोग्रामला तुकडे कुठे तोडायचे हे समजत नाही. त्याला रिकामी यादी मिळते. उपाय सोपा आहे: ते हेडर लिहू नका, ब्राउझरला लिहू द्या.

याचं भावंड म्हणजे जेसन, माहिती मजकुराच्या रूपात मांडण्याची आणखी एक पद्धत. माहिती जेसनमध्ये पाठवली तर हेडर लिहावंच लागतं, आणि पलीकडेही जेसन वाचणारा कोड लागतो. पीएचपीमध्ये फॉर्मच्या जोड्या ज्या ‘पोस्ट’ यादीत आयत्या मिळतात, तिच्यात जेसन येत नाही. ते कच्च्या मजकुरातून वाचून उलगडावं लागतं. ‘रिक्वेस्टमध्ये सगळं दिसतंय, पण प्रोग्रामला रिकामं मिळतंय’ असं झालं की दोन्ही बाजू एकाच पद्धतीने बोलताहेत का, ते आधी बघायचं. माझं मत विचाराल तर साध्या फॉर्मसाठी जेसनच्या मागे लागू नये. स्क्रिप्ट कधी चाललीच नाही तर ब्राउझर स्वतः ज्या पद्धतीने पाठवेल, त्याच पद्धतीने स्क्रिप्टनेही पाठवलं तर सर्व्हरवर एकच कोड पुरतो.

उत्तर आलं म्हणजे काम झालं असं नाही

काही वर्षांपूर्वी मी नावनोंदणीचा एक फॉर्म फेचवर नेला. उत्तर आलं की ‘नोंदणी झाली’ दाखवायचं आणि एरर आली की ‘पुन्हा प्रयत्न करा’, असा सरळ कोड होता. दोन दिवस सगळ्यांना ‘नोंदणी झाली’ असंच दिसत राहिलं, आणि डेटाबेसमध्ये एकही नोंद नव्हती. सर्व्हर प्रत्येक वेळी ५०० हा कोड पाठवत होता, म्हणजे ‘माझ्याकडे बिघाड झाला आहे’. फेचच्या दृष्टीने मात्र उत्तर आलं होतं. सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही तरच फेच एरर मानतं. ४०४ असो वा ५००, ते त्याच्या लेखी व्यवस्थित मिळालेलं उत्तर असतं. ते बरं आहे की वाईट हे ‘ओके’ हा गुण पाहून आपण ठरवायचं असतं. ज्यांनी विश्वासाने माहिती भरली होती त्यांना पुन्हा भरायला सांगावं लागलं, आणि ते मला अजून टोचतं. ब्राउझरकडे काम असतं तर सर्व्हरने पाठवलेलं बिघाडाचं पान त्यांच्यासमोर उभं राहिलं असतं. ते पान मीच अडवलं होतं.

ओके पाहिलं तरी एक वाट उरतेच. माणूस बराच वेळ फॉर्म उघडा ठेवतो, तोवर त्याचं लॉगिन संपतं. प्रोग्राम त्याला लॉगिनच्या पानाकडे वळवतो. फेच ते वळण मुकाट्याने घेतं, लॉगिनचं पान आणतं, आणि त्याचा कोड असतो २००, म्हणजे सगळं ठीक. पुढे तुमचा कोड ते पान जेसन समजून वाचायला जातो आणि कोनदार कंस नको होता अशा अर्थाची एरर देतो. ती एरर दिसली की समजायचं, जेसनच्या जागी एचटीएमएलचं पान आलं आहे. म्हणून स्क्रिप्टसाठी असलेल्या पत्त्यावर लॉगिन संपलं तर वळवण्यापेक्षा ४०१ पाठवावा, आणि माहितीतच चूक असेल तर ४२२ सोबत कोणत्या रकान्यात काय चुकलं ते पाठवावं. मग स्क्रिप्टला तो मजकूर त्या त्या रकान्याखाली दाखवता येतो. दाखवताना तो साधा मजकूर म्हणूनच पानावर ठेवायचा, एचटीएमएल म्हणून नाही. त्याचं कारण पुढे येतंच.

आता सगळ्यात अवघड जागा. बटण दाबलं, रिक्वेस्ट गेली, प्रोग्रामने नोंद केली, आणि उत्तर परत येता येता नेटवर्क तुटलं. इकडे फेच एरर देतं. तुम्ही काय दाखवाल? ‘नोंद झाली नाही’ म्हणाल तर ते खोटं आहे. ‘झाली’ म्हणाल तर ते तुम्हाला माहीत नाही. माणूस पुन्हा बटण दाबतो आणि दुसरी नोंद होते. पैशांचा व्यवहार असेल तर दोनदा पैसे जातात.

बटण पहिल्या दाबण्याबरोबर बंद करणं हा अर्धा उपाय आहे, आणि तो करावाच. उत्तर आल्यावर किंवा एरर आल्यावर ते पुन्हा चालू करायला मात्र विसरू नये. पूर्ण उपाय सर्व्हरवर असतो. फॉर्म उघडतानाच त्याला एक यादृच्छिक ओळख द्यायची आणि ती माहितीसोबत पाठवायची. प्रोग्राम डेटाबेसमध्ये त्या ओळखीवर ‘ही एकदाच येऊ शकते’ अशी अट घालतो. तीच ओळख पुन्हा आली तर नवी नोंद न करता आधीचंच उत्तर परत देतो. मग माणसाने दहा वेळा दाबलं तरी नोंद एकच होते, आणि तुम्हाला निर्धास्तपणे सांगता येतं: ‘उत्तर मिळालं नाही, पुन्हा पाठवा’. जुन्या पद्धतीत हेच काम थोडं वेगळ्या रीतीने व्हायचं. पोस्ट झाल्यावर प्रोग्राम ३०३ देऊन ब्राउझरला दुसऱ्या पानावर पाठवायचा, म्हणजे रीफ्रेश दाबलं तर पाठवणं नव्हे, फक्त बघणं पुन्हा व्हायचं.

बाकीच्या लहान गोष्टी पटकन सांगतो. पान बदलत नाही, त्यामुळे डोळ्यांनी न बघता स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला काही घडलं हेच कळत नाही. संदेशाची जागा ‘आरिया-लाइव्ह’ (aria-live) या गुणाने खुणावली तर तो वाचून दाखवला जातो. चूक असेल तर फोकस पहिल्या चुकलेल्या रकान्यावर न्यावा. आणि एरर आल्यावर भरलेला फॉर्म पुसू नये. एवढं लिहून काढलेलं एका क्षणात नाहीसं होण्याचं दुःख सगळ्यांना ठाऊक आहे.

समोर कोण आहे हे प्रोग्रामला माहीत नसतं

स्क्रिप्टने तपासणी केली, म्हणजे सर्व्हरवर करायची गरज नाही, असं मला कोणी सांगितलं की मी त्यांना ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडायला सांगतो. तिथे कोणत्याही पानावरचा छुपा रकाना दिसतो, त्यातली किंमत बदलता येते, ‘भरलाच पाहिजे’ हे बंधन काढून टाकता येतं. ब्राउझर न वापरता एका ओळीच्या आज्ञेनेही हवी ती रिक्वेस्ट पाठवता येते. त्यामुळे पानावरची तपासणी ही भरणाऱ्याची सोय असते आणि सर्व्हरवरची तपासणी हे संरक्षण. वस्तूची किंमत फॉर्ममधून येऊ द्यायची नाही. फॉर्ममधून वस्तूचा क्रमांक घ्यायचा आणि किंमत डेटाबेसमधून काढायची.

दोन्हीकडे तपासणी असली तरी दोघांचं म्हणणं एकच आहे का, हेही बघावं लागतं, आणि मराठीत हा प्रश्न चांगलाच टोकदार होतो. रकान्यात कोणी देवनागरीत ‘१२३’ लिहिलं, तर जावास्क्रिप्ट म्हणते हा आकडाच नाही. पीएचपीमध्ये त्याचा पूर्णांक केला तर शून्य मिळतं. पायथन ते बिनतक्रार एकशे तेवीस म्हणून वाचतं. एकच मजकूर आणि तीन वेगळी उत्तरं. यातलं शून्य सगळ्यात घातक, कारण ते चुकीसारखं दिसत नाही. लांबीचंही तेच. ‘स्त्री’ हा आपल्या डोळ्यांना एका अक्षराचा शब्द आहे. रकान्याच्या कमाल लांबीच्या हिशोबात तो सहा धरला जातो आणि पीएचपीच्या साध्या लांबी मोजणाऱ्या फंक्शनच्या हिशोबात अठरा. पानावर पन्नासची मर्यादा आणि सर्व्हरवरही पन्नासचीच, पण मोजमाप वेगळं, म्हणून मराठी नाव लिहिणाऱ्याला विनाकारण ‘नाव फार लांब आहे’ असं ऐकावं लागतं. इंग्रजीत तपासून पाहणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

दुसऱ्या एखाद्या साइटवरचा फॉर्म तुमच्या सर्व्हरच्या पत्त्यावर माहिती पाठवू शकतो का? शकतो. वेबच्या सुरुवातीपासून फॉर्म कुठेही पाठवता येतो. आणि माणूस तुमच्याकडे लॉगिन असेल तर त्या रिक्वेस्टसोबत त्याची कुकीही, म्हणजे लॉगिनची ब्राउझरने जपलेली खूणही, जाऊ शकायची. त्याच्या नकळत त्याच्या नावाने काम करवून घेण्याच्या या प्रकाराला सीएसआरएफ म्हणतात. त्यावर जुना आणि अजूनही चांगला उपाय म्हणजे टोकन: पान देताना फॉर्ममध्ये एक गुप्त यादृच्छिक मजकूर ठेवायचा आणि माहितीसोबत तो परत आला तरच काम करायचं. २०२० पासून क्रोमने, कुकी देताना वेगळं सांगितलं नसेल तर परक्या साइटवरून येणाऱ्या पोस्टसोबत ती न पाठवण्याचं धोरण घेतलं, त्यामुळे धोका कमी झाला; पण टोकन सोडू नये.

स्क्रिप्ट दुसऱ्या साइटशी बोलायला गेली की ‘कॉर्स’ची, म्हणजे परक्या साइटशी बोलण्याबाबतच्या ब्राउझरच्या नियमांची, लाल एरर येते, आणि लोक वैतागतात. तिच्यामागचा विचार समजला तर ती तेवढी त्रासदायक वाटत नाही. जे साधा फॉर्म आधीपासून पाठवू शकत होता, ते स्क्रिप्टलाही थेट पाठवता येतं. परक्या सर्व्हरने परवानगी दिली नसेल तर उत्तर मात्र वाचता येत नाही. फॉर्मला कधीच जमत नव्हतं असं काही पाठवायचं असेल, उदाहरणार्थ जेसन, तर ब्राउझर आधी ‘ऑप्शन्स’ नावाची एक चौकशीची रिक्वेस्ट पाठवून परवानगी विचारतो. म्हणजे या नियमांची सीमा जुन्या फॉर्मच्या ताकदीवरून आखलेली आहे.

टोकनही कधी पुरत नाही, हे ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या सोशल नेटवर्कवर दिसलं. सॅमी कामकर यांनी आपल्या प्रोफाइलमध्ये स्क्रिप्ट घुसवली. जो कोणी ते प्रोफाइल बघेल त्याच्या ब्राउझरमध्ये ती चालायची, टोकन असलेलं पान स्वतः आणायची, त्यातलं टोकन वाचायची आणि त्या माणसाच्या नावाने फॉर्म भरून पाठवायची. मग त्याच्याही प्रोफाइलमध्ये स्वतःची प्रत ठेवायची. वीस तासांच्या आत दहा लाखांहून जास्त प्रोफाइलांवर ती पोचली. सर्व्हरला प्रत्येक रिक्वेस्ट अस्सल वाटत होती, कारण ती त्या माणसाच्या ब्राउझरमधून, योग्य टोकन घेऊनच येत होती. फॉर्ममधून आलेला मजकूर पुन्हा पानावर दाखवताना तो मजकूर म्हणूनच दाखवा, असं मी वर म्हटलं ते यासाठी.

अडलं तर कुठे बघायचं

फॉर्म चालत नाही तेव्हा कोड वाचत बसण्याआधी डेव्हलपर टूल्समधला ‘नेटवर्क’ टॅब उघडा, नोंदी राखून ठेवण्याचा पर्याय चालू करा आणि बटण दाबा. यादीत काहीच आलं नाही तर दोष पाठवण्याआधीचा आहे: इव्हेंट पकडला गेला नाही किंवा तपासणीने अडवलं. रिक्वेस्ट दिसली तर तिच्यावर क्लिक करून ती कुठे गेली आणि तिच्यात नेमक्या कोणत्या जोड्या आहेत ते बघा. जोडी नसेल तर नेम नाही. जोडी असेल पण प्रोग्रामला मिळत नसेल तर कंटेंट टाइप बघा. ३०० च्या घरातला कोड दिसला तर कुठे वळवलं ते बघा. ४०० च्या घरातला असेल तर रिक्वेस्टमध्ये काय नको होतं ते उत्तराच्या मजकुरात बहुधा लिहिलेलं असतं. ५०० च्या घरातला असेल तर ब्राउझर बंद करून सर्व्हरच्या लॉगकडे जा. इकडे बघून काही सापडणार नाही.

सगळं चालायला लागलं की त्याच टॅबमध्ये नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करता येतो. तो सगळ्यात हळू ठेवा, फॉर्म भरा, बटण भराभर तीनदा दाबा, आणि डेटाबेसमध्ये किती नोंदी झाल्या ते मोजा.